गणपतीच्या मखरासाठी घरच्या घरी फिरत्या ड्रमचा स्विच

लहानपणी आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या स्टेजमागे एक लाकडी रोलर असायचा. त्यावर पितळी पट्ट्या ठोकलेल्या, वरून पत्र्याच्या जिभा टेकलेल्या, आणि एक मोटर तो रोलर हळूहळू फिरवत राहायची. समोर सगळे लाइटिंग बघायला उभे असायचे आणि मी मागे जाऊन तो रोलर बघत बसायचो, कारण पट्टीवरून जीभ सुटली की निळी ठिणगी पडायची आणि त्याच क्षणी पुढे एक माळ विझून दुसरी लागायची. स्विच म्हणजे काय हे मला तिथे कळलं, शाळेत नाही.

तोच रोलर छोटा करून घरच्या मखरासाठी कसा बनवायचा ते इथे सविस्तर लिहितोय. एलईडीच्या चार पट्ट्या एकामागून एक लागतात, प्रकाश मखराभोवती फिरल्यासारखा दिसतो. सोल्डरिंग आलंच पाहिजे असं नाही, प्रोग्रामिंग तर नाहीच. सातवी-आठवीतलं मूल मोठ्या माणसाबरोबर बसून दोन रविवारांत करू शकतं.

आधी एक गोष्ट, आणि ही मी अगदी मनापासून सांगतोय. मंडळाचा तो रोलर थेट घरच्या २३० व्होल्टवर चालायचा, तसा तुम्ही करायचा नाही. उघडं तांबं, उघड्या जिभा, शेजारी पुठ्ठ्याचं मखर आणि मधे मधे येणारी मुलं, असं असताना २३० व्होल्ट त्या ड्रमवर आणणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. आपलं सगळं काम १२ व्होल्ट डीसीवर, तयार अॅडॅप्टर भिंतीच्या प्लगमध्ये आणि त्यातून जे बाहेर येतं तेवढंच वापरायचं. अॅडॅप्टर उघडायचा नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून बहुतेक घरात मखर पुठ्ठ्याचं, कागदाचं किंवा कापडाचं असतं, आणि ते पेट घ्यायला वेळ लागत नाही. म्हणून १२ व्होल्ट असला तरी फ्यूज टाकायचाच, त्याबद्दल पुढे येईलच.

हे चालतं कसं

एक पाइपचा तुकडा घ्या, त्याच्यावर तांब्याचा पातळ पत्रा विशिष्ट आकारात कापून गुंडाळा. पाइप फिरतोय. वरून पाच लवचिक जिभा त्याला टेकल्यात. पहिली जीभ कायम तांब्यावरच असते, कारण तिच्याखाली तांब्याचं पूर्ण कडं आहे, तिच्यातून प्लस आत येतो. बाकीच्या चार जिभांखाली कधी तांबं येतं कधी नुसता कागद. तांबं आलं की त्या जिभेला जोडलेली एलईडीची पट्टी लागली, कागद आला की विझली. बस, एवढंच आहे.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे इथे वेळ फूटपट्टीने मोजता येतो. माझ्या पाइपचा घेर २३६ मिलिमीटर भरला, मोटर मिनिटाला १० फेरे मारते म्हणजे एक फेरा ६ सेकंदांत, म्हणजे सेकंदाला साधारण ३९ मिलिमीटर तांबं जिभेखालून जातं. दिवा एक सेकंद लागायला हवा तर ३९ मिमी लांब तुकडा कापा, अर्धा सेकंद हवा तर २० मिमी. मुलांना हे एकदा दाखवलं की ती स्वतःच कात्री घेऊन बसतात. सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा जो कुरकुर करत फिरणारा टायमर असतो त्याच्या आतही याच जातीची गोष्ट असते, तिथे पट्ट्यांऐवजी खाचा असलेली चकती असते आणि ती कॉन्टॅक्ट उचलते-सोडते.

कोणी म्हणेल की ५५५ आणि ४०१७ या दोन आयसीत, म्हणजे तयार इलेक्ट्रॉनिक चिपमध्ये, हेच काम होतं. होतं, आणि खर्चही फार वेगळा नाही, फक्त ४०१७ थेट एलईडीची पट्टी ओढू शकत नाही, पुढे ट्रान्झिस्टर लावावे लागतात. पण आयसीच्या आत काय चाललंय ते दिसत नाही. ड्रमकडे बघितलं की कळतं, बिघडला तरी बघूनच कळतं की काय बिघडलंय. नवशिक्याला मी कायम ड्रमच सांगेन.

सामान

मोटर १२ व्होल्टची गिअर मोटर, १० आरपीएम, ६ मिमी शाफ्टची. रोबो बनवायला कॉलेजची मुलं वापरतात तीच. त्याच दुकानात ६ मिमी शाफ्टला बसणारी ७० मिमीची चाकं मिळतात, ती दोन घ्या, बाजूला स्क्रू असलेली. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा तपकीर गल्लीत हे सगळं मिळून जातं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. गावात नसेल तर ऑनलाइन मागवा, पण मग गणपतीच्या तीन आठवडे आधी.

प्लंबरच्या दुकानातून ७५ मिमी पीव्हीसी पाइपचा १०० मिमी लांब तुकडा. बहुतेक वेळा कापून राहिलेला तुकडा असतोच त्यांच्याकडे. हा तुकडा आधी घ्या आणि तो घेऊन चाकं घ्यायला जा, कारण पाइपची जाडी कंपनीप्रमाणे बदलते आणि चाक आत घट्ट बसतंय का ते दुकानातच बघितलेलं बरं. थोडं सैल असेल तर चाकावर इन्सुलेशन टेपचे दोन-तीन वेढे देऊन घट्ट होतं. जास्त मोठं असेल तर त्याचं रबर काढून बघा.

तांब्याचा पत्रा ०.१ मिमी जाडीचा, कात्रीने कापला जातो असा, २६० बाय ७० मिमी पुरतो, पण थोडा जास्त घ्या. पुण्यात असाल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत विचारून बघा. तांब्याची चिकट टेप मिळते तीसुद्धा चालते पण तिचे तुकडे एकावर एक चिकटवले तर मधल्या गोंदामुळे करंट जाईलच याची खात्री नसते, म्हणून एकसंध पत्राच बरा. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल वापरू नका. मी पहिल्यांदा तीच वापरली होती, एका संध्याकाळीत जिभांनी ती ओरबाडून काढली आणि दिवे फडफडायला लागले.

जिभांसाठी फॉस्फर ब्राँझ या स्प्रिंगदार मिश्रधातूची पट्टी सगळ्यात चांगली, जुन्या रिलेमध्ये किंवा सेलच्या डब्यात सापडते. ती नसेल तर पातळ पितळी पट्टी. तांब्याच्या जिभा करू नका कारण तांबं वाकवलं की वाकलेलंच राहतं, त्याला स्प्रिंग नसते. लोखंडी पट्टीला स्प्रिंग असते पण पावसाळी हवेत गंजते, आणि गणपती भर पावसाळ्यातच येतात.

बाकी १२ व्होल्ट ३ अँपिअरचा अॅडॅप्टर, एलईडी पट्टी (मीटरला ६० एलईडीवाली साधी, एकेक मीटरचे चार तुकडे), स्क्रूची कनेक्टर पट्टी, २ अँपिअरचा काचेचा फ्यूज होल्डरसकट, एक छोटं बटण, १२ मिमी प्लायचे तुकडे, जाडसर कार्डपेपर, रबर बेस गोंद. मल्टिमीटर असेल तर फार उत्तम, नसेल तर कोणाकडून दोन दिवस आणा.

ड्रम आणि सांगाडा

पाइपचे दोन्ही काठ सरळ हवेत. पाइपभोवती कागद गुंडाळून त्याच्या कडा जुळवल्या की कागदाची कड म्हणजे सरळ रेष, त्या रेषेवर हॅक्सॉने कापा आणि काठ पॉलिश पेपरवर घासून घ्या. दोन्ही टोकांना चाकं आत ढकला, काठाशी समपातळीत. एका चाकात मोटरचा शाफ्ट, दुसऱ्यात ६ मिमीचा रॉड.

खाली प्लायचा तळ, त्यावर दोन उभ्या फळ्या. एका फळीला मोटर, दुसऱ्या फळीला रॉड जाईल असं भोक. दोन्ही भोकं तळापासून अगदी सारख्या उंचीवर यायला हवीत, त्यासाठी दोन्ही फळ्या एकमेकींवर ठेवून एकदमच भोक पाडा आणि मग मोटरच्या बाजूचं हवं तेवढं मोठं करा. ड्रम फिरताना एक मिलिमीटर वर-खाली हलला तरी चालतं, जिभा ते सांभाळून घेतात, तीन-चार मिमी हलत असेल तर मात्र चाक तिरकं बसलंय, काढून परत बसवा.

कार्ड, म्हणजे खरं डोकं

इथे घाई करू नका, चहा घेऊन बसा. कार्ड म्हणजे तांब्याचा पत्रा ज्यावर चिकटवायचा आणि मग जो ड्रमवर गुंडाळायचा तो कार्डपेपर.

आधी कनेक्टर पट्टी हातात घ्या आणि तिच्या दोन शेजारच्या स्क्रूंमधलं अंतर मोजा. जिभा याच पट्टीत अडकवायच्या आहेत, म्हणून जे अंतर येईल तीच तुमच्या एका ट्रॅकची रुंदी. माझी १२ मिमी आली, पुढचे आकडे त्याप्रमाणे आहेत, तुमचे वेगळे असतील तर ते घ्या. पाच ट्रॅक म्हणजे ६० मिमी, दोन्ही कडांना १० मिमी मोकळी जागा, कार्डाची रुंदी ८०.

लांबी सूत्राने काढू नका, मोजा. ७५ ला ३.१४ ने गुणलं तर २३५.५ येतं पण कार्ड गुंडाळल्यावर त्याच्या जाडीने घेर वाढतो. कार्डपेपरची पट्टी पाइपभोवती ताणून गुंडाळा, जिथे एकावर एक येतं तिथे टाचणीने दोन्ही थरांतून भोक पाडा, उलगडून दोन भोकांमधलं अंतर मोजा. माझं २३६. त्यात चिकटवायला १० मिमीचा पदर धरा, एकूण २४६.

आता कार्डावर पेन्सिलने ट्रॅक आखा. पहिला ट्रॅक पूर्ण लांबीभर तांबं, हे आपलं कडं. बाकी चार ट्रॅकमध्ये २३६ चे चार भाग, म्हणजे प्रत्येकी ५९ मिमी. पण नुसते ५९ न घेता प्रत्येक तुकडा ५ मिमी पुढे वाढवायचा. म्हणजे दिवा १ शून्यापासून ६४ पर्यंत, दिवा २ ५९ पासून १२३ पर्यंत, दिवा ३ ११८ ते १८२, दिवा ४ १७७ ते २४१. कागदावर हे जिन्यासारखं दिसेल, एकेक पायरी वर चढत गेलेली.

ते ५ मिमी कशाला? दोन कारणं आहेत. एक म्हणजे पुढचा दिवा लागल्यावरच मागचा विझतो, मधे अंधाराचा झटका बसत नाही आणि प्रकाश वाहल्यासारखा वाटतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, त्या ५ मिमीतच एक पायरी शेजारच्या पायरीला जोडलेली राहते, त्यामुळे कडं आणि चार पायऱ्या असा सगळा आकार एकाच अखंड पत्र्यातून निघतो आणि कुठेही वायर जोडावी लागत नाही. पहिली पायरी तर कड्याला पूर्ण चिकटलेलीच आहे. हे ५ मिमी विसरलात तर दुसऱ्या पायरीपासून पुढे करंटच जाणार नाही.

आता पदराचं. पदर ड्रमवर कार्डाच्या सुरुवातीवर येऊन बसणार, म्हणजे सुरुवातीचे १० मिमी झाकले जाणार. म्हणून पदरावर त्याच पहिल्या १० मिमीचं चित्र पुन्हा काढायचं, कडं आलं, दिवा १ चा तुकडा आला, दिवा ४ चे वाढीव ५ मिमी आले. तिन्ही आपापल्या जागी जोडलेलेच असतात, काही वेगळं करायला लागत नाही.

हा आकार पत्र्यावर उतरवून कात्रीने कापा. ५ मिमीच्या मानेशी पत्रा दुमडू देऊ नका, तिथे तुटतो. कापून झाल्यावर लिंबू आणि मिठाने घासा, चकचकीत होईल, पण नंतर भरपूर पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडा करा, मीठ राहिलं तर दोन दिवसांत हिरवट काट चढते. मग कार्डावर आणि पत्र्याच्या मागे असा दोन्हीकडे गोंद लावून, दहा मिनिटं थांबून, पत्रा एका टोकापासून हवा न अडकवता दाबत जा. वाटीच्या बुडाने घासून सगळ्या कडा बसवा. एकही कोपरा उचललेला राहता कामा नये, जीभ नेमकी तिथेच अडकते.

कार्ड ड्रमवर गुंडाळून फक्त पदर आणि मोकळ्या कडा टेपने चिकटवा. कार्ड पाइपला गोंदाने चिकटवू नका, म्हणजे उद्या दुसरं कार्ड लावता येईल.

जिभा

नव्वद टक्के तक्रारी इथल्याच असतात. पट्टी ५ मिमी रुंद, ५० मिमी लांब कापा. टोक मोजडीच्या टोकासारखं वर वळवा, म्हणजे तांब्याला धार न लागता गोल पोट लागेल. दुसरं टोक कनेक्टरमध्ये घालून स्क्रू आवळा. कनेक्टर पट्टी ड्रमच्या समांतर एका आडव्या लाकडी दांड्यावर बसवा, जिभा प्रत्येक ट्रॅकच्या बरोबर मधोमध यायला हव्यात, ट्रॅक १२ आणि जीभ ५ म्हणजे दोन्ही बाजूंना साडेतीन मिमी मोकळे राहतात, तेवढी सूट पुरते.

दिशा नीट समजून घ्या. जीभ तांब्यावर ओढली गेली पाहिजे, ढकलली जायला नको. पेन कागदावर ओढलं तर चालतं, उलटं ढकललं तर टोक रुततं, तसंच. म्हणजे कनेक्टरकडून जिभेचं टोक ज्या बाजूला जातं त्याच बाजूला खालचा ड्रमही सरकत असला पाहिजे. आणि पदराशी जीभ वरच्या थरावरून खालच्या थरावर उतरायला हवी, कौलावरून पाणी उतरतं तशी. मोटरच्या दोन वायर उलट्या लावल्या की ड्रम उलटा फिरतो आणि पहिल्याच फेऱ्यात जीभ पदरात घुसून मुडपते, कार्डही फाटतं, म्हणून हाताने फिरवून दिशा ठरवा, जिभा उचलून ठेवून मोटर चालवून बघा आणि योग्य दिशा मिळाली की लगेच वायरींवर लाल-काळी टेप लावा.

दाब किती? ड्रम बाजूला केला तर जीभ ३ ते ४ मिमी खाली झुकली पाहिजे, एवढा. कमी असेल तर दिवा फडफडतो, जास्त असेल तर तांबं खरवडतं आणि मोटर कण्हायला लागते. तांब्यावर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा, पुसून टाकल्यासारखा. खोबरेल तेल लावू नका, तांबं हिरवं पडतं आणि धूळ धरून चिकट राप बसतो.

वायरिंग

अॅडॅप्टरचा प्लस फ्यूजमधून कड्यावरच्या जिभेला. बाकी चार जिभांतून प्रत्येकी एक वायर एकेका एलईडी पट्टीच्या प्लसला. चारही पट्ट्यांचे मायनस एकत्र करून अॅडॅप्टरच्या मायनसला. मोटर वेगळी, फ्यूजच्या आधीच अॅडॅप्टरवरून, मधे बटण टाकून. मोटरला ड्रममधून वीज द्यायची नाही.

एक मीटर पट्टीत ६० एलईडी, तीन-तीनचे २० गट, प्रत्येक गट साधारण २० मिलिअँपिअर खातो, म्हणजे मीटरला ०.४ अँपिअर. जिन्याच्या कार्डात एका वेळी एक आणि क्षणभर दोन पट्ट्या लागतात, म्हणजे जास्तीत जास्त ०.८. सगळ्या एकदम लागल्या तर १.६. म्हणून फ्यूज २ चा पुरतो आणि अॅडॅप्टर ३ चा घेतला की मोटरलाही उरतं. एलईडी पट्टी कात्रीची खूण असते तिथेच कापा, सोल्डर येत नसेल तर चिमट्यासारखे क्लिप कनेक्टर मिळतात.

वीज देण्याआधी मल्टिमीटर बझरवर लावा, म्हणजे जोड सलग असला की तो वाजतो, एक टोक कड्याच्या जिभेला, दुसरं दिवा १ च्या जिभेला, आणि ड्रम हाताने सावकाश पूर्ण फिरवा. आवाज एकदा सुरू होऊन एकदाच थांबला पाहिजे. मधेच तुटला तर तिथे खूण करा, पत्रा उचललाय किंवा गोंद वर आलाय, स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. चारही ट्रॅक असे बघून झाले की मगच अॅडॅप्टर लावा.

दोन दिवे पूर्ण वेळ एकत्र लागत असतील तर एक जीभ सरकून शेजारच्या ट्रॅकवर गेली आहे. फक्त एका जागी फडफडत असेल तर पदर बघा. सगळेच फडफडत असतील तर कड्याची जीभ, कारण सगळ्यांचा करंट तिच्यातून जातो, तिच्याशेजारी कड्यावर आणखी एक जीभ जोडून टाकली तर हा त्रास कायमचा जातो, मी आता नेहमी दोनच लावतो, त्यासाठी फक्त कडं दुप्पट रुंद कापावं लागतं आणि त्या मापाने कार्ड-पाइपही थोडा मोठा घ्यावा लागतो.

दुसरं कार्ड

एकदा जिना चालला की घरात मागणी येते की सगळे एकदम लागू देत. २३६ चे सहा भाग करा, एक भाग सुमारे ३९ मिमी म्हणजे एक सेकंद. पहिले चार भाग जिना, पाचव्या भागात चारही ट्रॅकवर सलग तांब्याचा चौकोन, सहावा भाग नुसतं कडं, बाकी कागद. दिवे खालून वर चढतात, सगळं मखर उजळतं, मग सेकंदभर अंधारात फक्त समई दिसते. आमच्याकडे आरतीच्या वेळी हेच कार्ड असतं.

तुकड्यांमधे मुद्दाम अंतर ठेवायचं असेल तर मात्र पायऱ्या एकमेकींपासून सुटतात, मग कार्डाला भोक पाडून मागून बारीक वायरने त्या जोडाव्या लागतात. ते सोल्डर पाइपवर गुंडाळायच्या आधी करा, पीव्हीसी गरम सोल्डरिंग आयर्नने लगेच मऊ पडतं.

मखरामागे ठेवताना

तळाखाली जुन्या रबरी चपलेचे चार तुकडे चिकटवले की गिअरची घरघर पाटात उतरत नाही. वर पारदर्शक मिठाईच्या डब्याचं झाकण टाका, बोटं आत जात नाहीत आणि मुलांना बघता येतं. निरांजन, कापूर, उदबत्तीपासून हातभर लांब, पडद्याखाली नको. झोपताना अॅडॅप्टर भिंतीतून काढायचा.

रोज संध्याकाळी चार तास चालवलं तर दिवसाला २४०० फेरे, दहा दिवसांत २४०००. चौथ्या-पाचव्या दिवशी तांब्यावर जिभेच्या वाटेने काळपट रेघ दिसेल, ती आपोआप पडते, प्लग काढून कोरड्या कापडाने पुसा आणि व्हॅसलीनचा हात पुन्हा फिरवा. विसर्जनानंतर सगळं आवरताना जिभांचा दांडा सैल करून त्या ड्रमवरून उचलून ठेवा, वर्षभर दाबलेल्या राहिल्या तर त्यांची स्प्रिंग जाते. कार्ड सोडवून वर्तमानपत्रात सपाट ठेवा आणि मागच्या बाजूला पेन्सिलने लिहा की कडं कुठल्या बाजूला आणि पदर कुठला.